टर्नटेबलवरील उत्स्फूर्त वादन आणि फ्रीस्टाइल रॅप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आडत बाजारालगत एका गोदामाच्या माडीवर आम्ही काही जण दर रविवारी सकाळी सरावाला बसतो. रेकॉर्ड फिरवणारी दोन यंत्रे म्हणजे टर्नटेबल, त्यांचे आवाज मिसळणारा एक मिक्सर, ध्वनीचे तुकडे साठवून बोटांनी वाजवता येणारा एक जुना सॅम्पलर, हलगी, संबळ आणि रॅप करू पाहणारी सहा-सात मुले-मुली एवढाच आमचा पसारा आहे. मी स्वतः तबला शिकून मग टर्नटेबलकडे वळलो. औसा, उदगीर, परळी, अंबाजोगाई येथून येणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कार्यक्रम ठरवायला येणारे आयोजक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

डीजे म्हणजे मिरवणुकीत लावतात तोच ना?

नाही, आणि हा घोळ आपल्याकडे इतका पक्का झाला आहे की तो आधीच निस्तरलेला बरा. आपल्या गावांत ‘डीजे लावला’ म्हणजे ट्रकवर कर्ण्यांची भिंत उभी केली असा अर्थ होतो. काही ठिकाणी तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. तेथे यंत्र असते आणि आवाज असतो, परंतु वाजवणारा माणूस बहुधा नसतोच. पेनड्राइव्हमधील गाणी एकामागून एक लागत जातात. या पानावर डीजे हा शब्द हिप-हॉप या रॅप आणि ठेक्याच्या अमेरिकी संगीतातील अर्थाने वापरला आहे, म्हणजे रेकॉर्ड हाताने हाताळून त्यांतून नवे संगीत उभे करणारा वादक. अशा वादकाचे वेगळेपण दाखवण्यासाठी ‘टर्नटेबलिस्ट’ हा शब्द १९९५ मध्ये अमेरिकेतील डीजे बाबू या वादकाने रूढ केला. हे नाव वाचून ज्यांना हसू आले त्यांनी हसून घ्यावे.

आवाजाच्या तक्रारीबद्दल एवढेच सांगतो की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आमचा सराव खालच्या मजल्यावर हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींना त्रास न होता चालतो. ही कला समजायला कान लागतात, छातीत धडकी भरण्याची गरज नसते.

रेकॉर्डवरचे संगीत आधीच मुद्रित झालेले असते. मग त्यात उत्स्फूर्त असे काय उरते?

हा सर्वांत रास्त प्रश्न आहे, आणि ज्यांच्या घरात तबला-पेटी आहे त्यांच्याकडून तो हमखास येतो. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, या जमैकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने ठेवलेल्या समारंभात रेकॉर्ड वाजवल्या. गायन आणि इतर वाद्ये थांबून ड्रम तेवढे उरतात, त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, आणि नाचणारे लोक त्याच तुकड्याची वाट पाहत असतात हे हर्कने हेरले होते. अडचण अशी की तो तुकडा काही सेकंदांत संपत असे. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून, एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करण्याची युक्ती काढली आणि तो हवा तितका लांबवला. त्यानंतर ग्रँडमास्टर फ्लॅशने अंदाजाच्या जागी मोजमाप आणले. रेकॉर्डवर खुणा करून तो ब्रेक मात्रेला मात्रा जुळवून जोडू लागला. १९७५ च्या सुमारास ग्रँड विझर्ड थिओडोर हा शाळकरी मुलगा घरी सराव करीत असताना आई रागावायला खोलीत आली, त्याने रेकॉर्ड फिरू नये म्हणून हाताने धरून ठेवली, ती हाताखाली पुढे-मागे सरकत राहिली, आणि त्या खरखरीत त्याला काहीतरी ऐकू आले. स्क्रॅचचा उगम असा सांगितला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रेकॉर्डमध्ये ध्वनी मुद्रित असतो हे खरे. पण त्यातील कोणता कण घ्यायचा, तो कोठे तोडायचा, कोणत्या वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरवायचा, आणि समोर बोलणारा एमसी, म्हणजे रॅप करणारा, श्वास घ्यायला थांबला त्या फटीत तो घालायचा की नाही, हे सारे वाजवणाऱ्याच्या हातात असते. तबल्यातील कायद्याचे बोलही गुरूंकडून पाठ होऊन आलेले असतात, तरी मैफलीत त्याचे पलटे करणाऱ्या तबलजीला आपण ‘हे तर पाठ केलेले’ असे म्हणत नाही. कीर्तनकाराचा अभंग शेकडो वर्षांपूर्वीचा असतो. तरीही मांडवातले लोक पेंगायला लागल्याचे दिसताच तो दृष्टांत बदलतो, चाल चढवतो आणि टाळकऱ्यांना खूण करतो. उत्स्फूर्त म्हणजे शून्यातून काढलेले, अशी आपली एक समजूत आहे आणि ती मला चुकीची वाटते. साठा आधीचाच असतो. त्याचा क्रम, त्याची वेळ आणि समोरच्याने आत्ता जे केले त्याला दिलेले उत्तर एवढे ताजे असते, आणि तेवढ्यासाठीच प्रत्यक्ष ऐकायला यायचे असते.

टर्नटेबलला वाद्य म्हणता येईल का?

वाजवणाऱ्याच्या हाताला जे यंत्र तत्काळ प्रतिसाद देते ते वाद्य, एवढी साधी कसोटी मी वापरतो. घरगुती ग्रामोफोन तिच्यात बसत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलमध्ये मोटारीची गती रबरी पट्ट्यामार्फत तबकापर्यंत पोहोचते, त्यामुळे हाताने रोखलेली रेकॉर्ड सोडल्यावर ती रेंगाळत गती घेते. टेक्निक्स या जपानी कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या एसएल-१२०० या यंत्रात मोटार थेट तबकाशी जोडलेली आहे; १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली आणि थांबलेले तबक ०.७ सेकंदात पूर्ण वेग गाठू लागले. रेकॉर्डखाली रबराऐवजी गुळगुळीत नमद्याची चकती, म्हणजे स्लिपमॅट, ठेवली की वर हाताने रेकॉर्ड धरली तरी खालचे तबक फिरतच राहते. एक हात रेकॉर्डवर, दुसरा मिक्सरच्या क्रॉसफेडर या आडव्या सरकपट्टीवर. रेकॉर्डवरचा हात सूर आणि वेग ठरवतो, फेडरवरचा हात आवाज कोठे उघडायचा आणि कोठे बंद करायचा ते ठरवतो. डग्गा आणि तबला यांच्यात जशी कामाची वाटणी असते तशीच ही वाटणी आहे, आणि आमच्याकडे तबला शिकून आलेल्या मुलांना ती फारशी समजावून सांगावी लागत नाही.

स्क्रॅच म्हणजे नुसती खरखर नव्हे का?

पहिले दोन महिने खरखरच असते, हे मान्य आहे. त्यानंतर काय घडते ते जवळून पाहू. जगभरचे वादक सरावासाठी ‘आह’ आणि ‘फ्रेश’ हे दोन ध्वनी वापरतात. १९८२ च्या एका रेकॉर्डच्या शेवटी यंत्रातून काढलेल्या आवाजात ते उच्चारलेले आहेत. ‘आह’ एकसंध आणि लांब आहे, त्यामुळे तो खेचला तर स्वर उतरतो आणि ढकलला तर चढतो. ‘फ्रेश’ सुरुवातीला फुटतो आणि शेवटी सळसळतो. फेडर उघडा ठेवून रेकॉर्ड नुसती पुढे-मागे केली की त्याला बेबी स्क्रॅच म्हणतात. पुढे ढकलताना फेडर मिटवत आणायचा आणि मागे ओढताना उघडायचा, म्हणजे पाखराच्या चिवचिवीसारखा चर्प उमटतो. त्याचे श्रेय फिलाडेल्फियाच्या डीजे जॅझी जेफला दिले जाते. एक लांब ध्वनी चालू ठेवून फेडरने त्याचे तुकडे पाडले की ट्रान्सफॉर्म होतो. डीजे फ्लेअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लेअरमध्ये उलटा विचार आहे: फेडर उघडाच ठेवायचा आणि मधोमध क्षणभर मिटवायचा, म्हणजे कमी हालचालीत जास्त तुकडे मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डीजे क्यूबर्टशी जोडला गेलेला क्रॅब तर पूर्णपणे बोटांचा आहे. अंगठा फेडरला एका बाजूने दाबून धरतो आणि बाकीची बोटे ओळीने त्यावर निसटतात. तिरकिट बसवलेल्या हाताला ही चाल आठवडाभरात समजते, मात्र ती स्वच्छ व्हायला वर्ष लागते.

हे सारे आमच्यासाठी बोल आहेत. सरावात आम्ही आधी ते तोंडाने म्हणायला लावतो. जो तोंडाने म्हणू शकत नाही त्याचे हातही अडखळतात, हा आमचा आतापर्यंतचा अनुभव आहे.

बीट जगलिंग कशाला म्हणतात?

दोन रेकॉर्डवरील ड्रमचे ठोके सुटे करून त्यांचा नवा ठेका बांधणे म्हणजे बीट जगलिंग. १९९० च्या आसपास न्यूयॉर्कच्या स्टीव्ह डी याने त्याला आकार दिला. यातील हिशेब आपल्या तालाच्या हिशेबाइतकाच काटेकोर आहे, म्हणून तो मांडून दाखवतो. मोठी रेकॉर्ड मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. ठेक्याची लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदांची होते, आणि रेकॉर्डच्या एका फेऱ्यात बरोबर तीन मात्रा बसतात. आठ मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल तर तो २ पूर्णांक २/३ फेऱ्यांचा होतो. रेकॉर्डवर चिकटपट्टीची खूण बाराच्या काट्याच्या जागी असताना तुकडा सुरू केला, तर तुकडा संपताना ती आठच्या जागी आलेली असते. आता दुसऱ्या टर्नटेबलवर तोच तुकडा वाजत असलेल्या ४.८ सेकंदांत पहिली रेकॉर्ड तेवढेच फेरे उलटी फिरवून खूण पुन्हा बारावर आणायची, हात स्थिर करायचा आणि समेवर सोडायची. मग दुसरी. डोळे खुणेवर, कान समेवर. आमच्याकडे एक मुलगी हे करताना मनात चिजेची दुगुन मोजते. तिला कुणी सांगितले नव्हते.

स्पर्धांमध्ये दिसते ते वादन आयत्या वेळी सुचलेले असते का?

बहुतांशी नाही. डीएमसी या प्रसिद्ध जागतिक स्पर्धेत वादकाला सहा मिनिटे मिळतात आणि ती सहा मिनिटे कित्येक महिने घासूनपुसून बसवलेली असतात. कॅनडाचा ए-ट्रॅक १९९७ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ही स्पर्धा जिंकला, तो अशाच बांधीव रचनेच्या जोरावर. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तिला उत्स्फूर्त म्हणू नये. खरा आयत्या वेळचा खेळ दिसतो तो स्पर्धेनंतर, मागच्या खोलीत, जेव्हा एक ठेका गोल फिरत असतो आणि चार वादक चार-चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) आळीपाळीने घेतात. त्यात आधीच्याने संपवलेला शेवटचा तुकडा उचलून पुढे नेणे हा शिष्टाचार असतो, आणि स्वतःची पाठ केलेली हत्यारे तेवढी परजणारा लगेच ओळखू येतो.

फ्रीस्टाइल म्हणजे खरोखर जागच्या जागी रचलेले, की आधी पाठ केलेले?

शब्दाचा अर्थच मधल्या काळात सरकला आहे. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधील अनेक एमसी एका विषयाला बांधलेली नसलेली, पण लिहून काढलेली कडवी म्हणजे फ्रीस्टाइल असे मानत. जागच्या जागी रचून म्हणणे हा अर्थ पुढे वरचढ झाला. आजही सायफरमध्ये, म्हणजे गोलात उभे राहून एकामागून एक बोलण्याच्या खेळात, दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. तयार ओळींच्या आधारावर माणूस नव्या ओळींपर्यंत पोहोचतो.

हे कसे साधते ते आकड्यांतून स्पष्ट होईल. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत १६ बारचे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. एका बारला पावणेतीन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात पूर्ण ओळ रचता येत नाही, म्हणून अनुभवी एमसी शेवटचा शब्द आधी ठरवतो आणि त्या शब्दापर्यंतचा रस्ता बोलता बोलता भरत जातो. तिहाई घेणारा समेवरून मागे मोजत येतो, तसाच हा प्रकार आहे.

मराठीत येथे एक खास सापळा आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आला-गेला-केला-झाला ही यमके फुकटात पडतात, आणि फुकटात पडलेले यमक ऐकणाऱ्याला फुकटचेच वाटते. मराठवाडी बोलीत तर करायलो, जायलो, बघायलो, बोलायलो अशी अख्खी माळ तयार आहे. मी मुलांना बोली सोडायला मुळीच सांगत नाही. पुण्या-मुंबईची भाषा ओढूनताणून बोलणारा आमच्या गोलात टिकत नाही. मी एवढेच सांगतो की क्रियापद ओळीच्या मध्ये ढकला आणि शेवटी नाम किंवा स्थळ येऊ द्या. सरावाला येणाऱ्या एकाने मागच्या उन्हाळ्यात जागेवर काढलेल्या या दोन ओळी पाहा:

गोदामाची माडी, डोक्यावर पत्र्याचं ऊन,
मात्रा मोजायलो मी हमालाच्या पावलांवरून.

‘मोजायलो’ मधे आले, त्याचा ‘लो’ दुसऱ्या मात्रेच्या टाळीवर नेमका पडला आणि ‘ऊन’ला ‘वरून’ मिळाले. खाली खरोखरच हमाल जिन्याने पोती चढवत होते.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे सांगितले की त्यांना नवल वाटत नाही. जात्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवीची पहिली ओळ टाकायची, दुसरीने ती उचलून पुरी करायची, आणि लय दगडाच्या फेऱ्याने द्यायची, हे त्यांनी केलेले किंवा ऐकलेले असते. जनाबाईंच्या गंगाखेडहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने टर्नटेबल पाहून ‘हेबी फिरतंच की’ एवढाच शेरा दिला.

मग रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे म्हणता येईल का?

व्यासपीठावरून असे म्हटले की टाळ्या मिळतात, परंतु मला ते पटत नाही. पोवाडा ठरलेल्या प्रसंगाचे ठरलेले कथन आहे आणि त्याची ताकद त्या बांधणीत आहे. जवळचे नाते शोधायचेच असेल तर कलगी-तुऱ्याच्या सामन्याकडे पाहावे, जेथे शक्तीची बाजू घेणारे कलगीवाले आणि शिवाची बाजू घेणारे तुरेवाले एकमेकांना कूट प्रश्न टाकत आणि समोरच्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडातही दुसऱ्याचे सोंग घेऊन बोलण्याची मोकळीक आहे, जी एमसीच्या फार कामाची आहे. आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांनी तर मराठवाड्यात गाण्यातून थेट, नाव घेऊन, सत्तेला प्रश्न विचारण्याची सवय लावली. तरीही रॅप ब्रॉन्क्समधील कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतून आला, हे ऋण नाकारून त्याला आपल्या घराण्यात दत्तक घेऊ नये.

हलगी, संबळ किंवा पेटीबरोबर टर्नटेबल वाजवता येते का?

वाजवता येते, मात्र नुसते एकत्र उभे राहिल्याने ते जमत नाही. टर्नटेबल इतर वाद्यांसोबत बसू शकते हे जगाने १९८३ मध्ये पाहिले, जेव्हा जॅझ वादक हर्बी हॅनकॉक याच्या रेकॉर्डवर ग्रँडमिक्सर डीएसटी याचे स्क्रॅच होते आणि ते संपूर्ण रचनेत वाद्यासारखे वाजले. फिलाडेल्फियाच्या द रूट्स या समूहाने तर ड्रम, बास आणि की-बोर्ड घेऊन सगळा हिप-हॉप प्रत्यक्ष वाजवून दाखवला.

आमच्या अडचणी दोन आहेत. पहिली सुराची. रेकॉर्डचा वेग वाढवला की सूरही चढतो. ८ टक्के वेग वाढवला तर सूर सुमारे एक आणि एक-तृतीयांश अर्धस्वराने वर जातो. काळी एकमधील गाणे पांढरी दोनच्याही थोडे पुढे जाते आणि पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसत नाही. म्हणून पेटी सोबत असेल तर लय रेकॉर्डने ठरवावी, इतरांनी तिला धरावे. किंवा लॅपटॉपवरील सूर कायम ठेवण्याची सोय वापरावी, जी फार ताणली तर आवाज चिकट होतो. दुसरी अडचण जागेची. हिप-हॉपच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम कडाडतो, आणि हलगीची काडीही त्याच उंच, कोरड्या पट्टीत बोलते. दोघे एकाच मात्रेवर आले तर दोघांचेही नुकसान होते. आम्ही रेकॉर्डचा वरचा आवाज मिक्सरवर उतरवतो आणि ती जागा हलगीला मोकळी करून देतो, किंवा हलगीवाला स्नेअरच्या मागच्या फटीत वाजवतो. पावसाळ्यात हलगी सैल पडते, मग कार्यक्रमाआधी कागद-पाचट पेटवून ती शेकावी लागते, आणि ती तापून टणत्कार द्यायला लागली की तेवढ्या वीस मिनिटांत तिचा भाग उरकून घ्यावा लागतो. कार्यक्रमाचा क्रम आमच्याकडे पुष्कळदा हलगीच ठरवते. संबळाचे तसे नाही. त्याच्या मोठ्या भांड्याची घुमारी ठेक्याच्या किकशी, म्हणजे खर्जातल्या मोठ्या ड्रमशी, सहज मिळते, आणि तुळजापूरच्या गोंधळात मुरलेला संबळवादक कोणत्याही लयीत दोन आवर्तनांत स्थिरावतो.

सॅम्पलर वाजवणे हे वादन आहे का?

पॅडवर, म्हणजे ध्वनी वाजवण्यासाठी दाबायच्या त्याच्या चौकटींवर, बोटे पडत असतील तर आहे. रॉजर लिन याने घडवलेला आणि अकाई कंपनीने १९८८ मध्ये आणलेला एमपीसी-६० हा सॅम्पलर १६ पॅडचा होता. हे यंत्र ठोके आपोआप नेमक्या जागी ओढून घेते. डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) ती सोय सोडून देई आणि त्याचा ठेका किंचित मागे रेंगाळे. ठेका मुद्दाम मागे ठेवून शेवटी समेवर पोहोचणे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तबलेवाल्यांना डिला लवकर आवडतो.

लॅपटॉप वापरणे म्हणजे फसवणूक का?

नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सांकेतिक खुणा मुद्रित केलेल्या खास रेकॉर्ड मिळतात; सुई त्या खुणा वाचते आणि लॅपटॉपमधील कोणतेही गाणे हाताखाली येते. हात तेच, कष्ट तेच. मात्र पडद्यावरील आलेख पाहून दोन ठेके जुळवणाऱ्याचे कान बोथट होतात, म्हणून पहिले सहा महिने आम्ही पडदा झाकून ठेवतो.

मराठवाड्यात हे शिकायला साहित्य कोठून आणावे?

लॅपटॉपला जोडायच्या छोट्या कंट्रोलरपासून सुरुवात करावी आणि हात बसला तरच टर्नटेबलचा विचार करावा; जुने, वापरलेले यंत्र घेताना थेट मोटारीचे आहे ना, एवढे आधी पाहावे. यंत्रापेक्षा ते सांभाळणे अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली रेकॉर्ड आडवी टाकून ठेवली की ती पापडासारखी वाकते, म्हणून उभी, सावलीत ठेवावी. तूर-सोयाबीनच्या हंगामात आमच्या माडीवर इतकी धूळ येते की सुईवर दर पंधरा मिनिटांनी बारीक कुंचला फिरवावा लागतो. वीज गेली की टर्नटेबल थांबते, पण संथ होत जाणाऱ्या रेकॉर्डचा घरंगळणारा सूर हलगीने पकडून पुढे नेण्याचा आमचा आता एक ठरलेला खेळच झाला आहे.

कार्यक्रमात सुई उडते. काय करावे?

एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात फळ्यांच्या मंचावर मुले नाचू लागली तशी आमची सुई प्रत्येक उडीबरोबर उडाली, आणि आयोजकांनी बास कर्णाही नेमका आमच्या टेबलाखाली ठेवला होता. त्यानंतर आम्ही दोन शहाबादी फरश्या सोबत नेतो. टेबलावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये अर्धी हवा भरून ती ठेवायची, तिच्यावर फरशी, फरशीवर टर्नटेबल. फरशीचे वजन हादरा दाबते आणि ट्यूब उरलेला गिळते. बास कर्णा मात्र मंचावरून खाली उतरवून घ्यावाच.

दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वापरणे कायदेशीर आहे का?

जाहीर कार्यक्रमात मुद्रित संगीत वाजवण्यासाठी आयोजकाने परवाना घ्यायचा असतो. त्यातील तुकडा घेऊन स्वतःचे गाणे प्रकाशित करायचे असेल तर वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत १९९१ च्या एका निकालानंतर हे कडक झाले, आणि भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. आमचा सोपा मार्ग असा की हलगी-संबळाचे ठोके आम्ही स्वतःच मुद्रित करतो आणि तेच स्क्रॅच करतो.

रोजचा सराव कसा असावा?

अर्धा तास, रोज. एकच ध्वनी, एकच ठेका, मिनिटाला ८० मात्रा. पहिली दहा मिनिटे बेबी स्क्रॅच, तोही डाव्या-उजव्या हातांची अदलाबदल करून. पुढची दहा मिनिटे एक नवा बोल, आधी तोंडाने आणि मग हाताने. उरलेल्या दहा मिनिटांत चार बार वाजवायचे आणि चार बार गप्प राहायचे. हे गप्प राहणे सर्वांत कठीण जाते, आणि मोबाइलवर मुद्रण करून ऐकले की आपण त्या चार बारमध्येही कोठेतरी फेडर हलवलेला असतो. आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या माणसाबरोबर बसावे, कारण एकट्याने केलेल्या सरावात उत्तर द्यायला कुणी नसते.

मंचावर काहीच सुचले नाही तर?

ठेका सोडायचा नाही, आणि डोळ्यांसमोर जे आहे ते बोलायचे. मागच्या वर्षी सरावात एका नव्या मुलीची तिसऱ्या बारला वाचा बसली. हलगीवाला थांबला नाही, त्याने फक्त आवाज उतरवला. तिने इकडे-तिकडे पाहिले, समोर रचलेल्या तुरीच्या पोत्यांवर छापलेले वजन दिसले, आणि ती ते वाचू लागली: पन्नास किलो, पन्नास किलो, पन्नास किलो. चौथ्या वेळी तिने ‘पन्नास’ला दोन मात्रांवर ताणले आणि पुढे वडील एका खेपेला किती पोती उचलतात त्यावर गेली. तोपर्यंत सॅम्पलरवर बसलेल्याने तिचेच ‘पन्नास’ पॅडवर पकडले होते. तिने श्वास घ्यायला जागा सोडली तेव्हा त्याने ते दोनदा उलटे आणि एकदा सरळ फिरवून तिला परत दिले. ती हसली आणि तेथूनच पुढचे कडवे सुरू केले.